फद्माची हंदिरा

प्रिय अरवा,

फोनवर तुझे अब्बा शेजारी असतात, म्हणून लिहितेय. समोरच्या फ्लॅटमधल्या फद्माने फायनल एक्झिट घेतली, सौदी कायमचं सोडून मोरोक्कोतल्या तिच्या डोंगरातल्या गावी गेली. जाताना तिची लग्नातली हंदिरा मला देऊन गेली. पांढऱ्या लोकरीची जड शाल, टिकल्यांनी भरलेली. बैठकीतल्या भिंतीवर ती एका खिळ्याला पेलेना, आणखी चार ठोकले. अब्बांनी आल्या आल्या विचारलं, ही दर्ग्याची चादर कुणी आणली? मी इतकी हसले की चहा उतू गेला.

शुक्रवारी आपल्या रत्नागिरीकडच्या बायका जेवायला आल्या, त्यांना मात्र हसू आलं नाही. नवरा सोडलेल्या बाईच्या लग्नाचं कापड घरात कशाला, काढून टाक, असं इफराची आई म्हणाली. मी म्हटलं, बिर्याणी गार होतेय, जेव. हंदिरा तिथेच राहील.

फद्मा सांगायची, नवरीची आई, मावश्या, आत्या मिळून ती महिनोन्‌महिने विणतात आणि नवरी तीच पांघरून सासरी जाते. फद्मा निघताना तिच्या आईने कानात सांगितलं होतं, "आपल्याच मेंढ्यांची लोकर आहे ही. परत यावंसं वाटलं तर तेव्हाही ऊब देईल." सात वर्षांनी ती हीच पांघरून भर दुपारी गावातून चालत माहेरी आली. आईने एवढंच विचारलं, "जेवलीस का?" आणि अरवा, तुझ्या लग्नात मी तुला काय सांगून पाठवलं? सबर कर, सोसून घे. लाज वाटते मला त्याची.

ईदला दम्मामहून आलीस, तेव्हा मनगट काळंनिळं होतं, बांगडी लागली म्हणालीस. बाळा, तू बांगड्या घालतच नाहीस. मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, अम्मी, घरी येऊ का? अब्बांनी जावयाचं, नबीलच्या अबकैकच्या तेल कंपनीतल्या नोकरीचं कौतुक सांगितलं आणि मी गप्प बसले. त्यांचं सोड, ती चूक माझी.

हंदिरा लावलीय तिथे तुमच्या लग्नाचा फोटो होता. तो मी उतरवला. अब्बांनी दोन दिवस तोंड फुगवलं. काल मात्र मोबाइलवर दम्मामच्या गाडीच्या वेळा बघत होते.

इकामाचं कार्ड आणि पासपोर्ट पर्समध्ये घाल, कपडे राहू देत. तू येशील त्या दिवशीच हंदिरा भिंतीवरून उतरेल. ती घेऊन मी रियाधच्या स्टेशनवर उभी असेन, तुझ्या खांद्यावर घालायला. बघणारे खुशाल बघू देत.

तुझीच, जेवण झाकून ठेवणारी,
अम्मी