चौसाळ्याच्या अलीकडं उतरवलेला माणूस

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

एकाला खाली उतरवला आज. भर दुपारी टाइट! चौसाळ्याच्या गाडीला बीडहून चढला. पन्नाशीचा, पांढरा सदरा, हातात कागदांची पिशवी. तिकीट विचारलं तर नुसताच हसला. मग शेजारच्या म्हातारीच्या अंगावर कलंडला. जीभ जड, डोळे तारवटलेले, घामानं निथळलेला. दोनदा विचारलं, कुठं जायचंय बाबा? तर म्हणतो, "तू कोन गं?" मला! भरल्या गाडीत, कंडक्टरला! मारली एक घंटी. अजिनाथनं गाडी कडंला घेतली. सहा वर्षं तो माझ्या जोडीला ड्रायव्हर आहे, कावून म्हणून कधी विचारत नाही. चौसाळ्याच्या अलीकडं पुलापाशी दंडाला धरून उतरवला आणि निघालो. गाडीतले म्हणाले, "लई बरं केलं बाई."

एकोणीस वर्षं झाली या नोकरीला. पायरीवर माणूस चढला की कळतं मला — फुकट्या कोण, पाकीटमार कोण, घरी भांडून निघालेली कोण. मागल्या साली ती चौदा वर्षांची पोरगी! सोबतचा माणूस म्हणे, मी मामा तिचा. आणि पोरगी पाण्याची बाटलीसुद्धा त्याच्या तोंडाकडं बघून उघडत होती. मी गाडी थेट पोलीस ठाण्यात नेली. मामा कसला न् काय! पेपरात फोटो आलता माझा. तेव्हापासून हे घरी येईल त्या पाहुण्याला सांगतात, "आमच्या हिचे डोळे म्हणजे एक्स-रे." नवऱ्यानं केलेलं कौतुक कुणाला नको असतं?

११ फेब्रुवारी

सुट्टी. गोधड्या धुतल्या. कंबर गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चौसाळ्याच्या स्टँडवर पाशाभाई केळीचा गाडा लावतो. आज गाडी लागली तसा खिडकीपाशी आला. म्हणाला, "ताई, सोमवारी तुमच्याच गाडीतून उतरवलता का सुंदररावला?"

मी म्हटलं, कोण सुंदरराव?

"गावातलाच की. पांढरा सदरा. मी सांजच्याला माल घेऊन येत व्हतो, पुलापाशी झुडपात पडलेला दिसला. टेम्पोत घालून बीडला नेला. अजून शुद्धीवर न्हाई."

प्यायलेला होता तो, मी म्हटलं. पाशाभाईनं कानाच्या पाळीला हात लावला. "तौबा तौबा! माळकरी माणूस ताई. दारूला शिवत न्हाई. साखर हाय त्याला. रक्त तपासायला गेलता बीडला, सकाळधरनं उपाशी. डॉक्टर म्हणले, साखर पार तळाला गेलती. खुदा कसम, येक केळं पोटात गेलं असतं तर माणूस उठून बसला असता."

माझ्या डब्यात शिरा होता त्या दिवशी. गोडाचा शिरा.

१४ फेब्रुवारी

स्वप्नालीला विचारलं. माझी एकुलती एक. बीडलाच एका लॅबमध्ये रक्त घेते, तपासते. तिला सगळं सांगितलं नाही, नुसतं विचारलं — साखर उतरल्यावर माणूस कसा दिसतो?

"अगदी प्यायल्यासारखा, आई. बडबडतो, झोकांड्या जातात, शिव्यापण देतो. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. का गं?"

काही नाही म्हटलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिला कळलं. चहा करून आणला तिनं. लई गुणाची आहे पोरगी.

१५ फेब्रुवारी

सुंदरराव गेले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डेपोत कुणी तक्रार केली नाही. कुणी काही विचारलंसुद्धा नाही. अजिनाथ म्हणतो, "ताई, तुमी काय जाणून केलं का? मलाबी तसंच वाटलं आसतं." तोही बिचारा दोन दिवस जेवला नाही म्हणे.

आज रजा टाकून त्यांच्या घरी गेले. बायकोचं नाव छबुबाई. मी कोण ते दारातच सांगून टाकलं. वाटलं शिव्या देईल, अंगावर येईल. आली असती तर बरं झालं असतं! तिनं आत घेतलं, बसायला पोतं टाकलं. मग एवढंच विचारलं तिनं —

"बाई, तुमाला वास तरी आलता का?"

नव्हता आला. मी दंडाला धरून उतरवलं त्यांना. माझं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब होतं. वास नव्हता. आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही, कारण माझं आधीच ठरलं होतं! चढल्या चढल्याच ठरलं होतं.

न्हाई म्हटलं तिला. ती म्हणाली, "बरं." आणि उठून म्हशीला पाणी पाजायला गेली.

१८ मार्च

आज फिरत्या तपासणीत माझ्या गाडीत तीन फुकटे सापडले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मला ते दिसले होते. चढतानाच दिसले होते! पण म्हटलं, कशावरून? असतील पासवाले. कुणाच्या तोंडाकडं बघून काही ठरवायचं नाही असं मी ठरवलंय. अजिनाथ म्हणाला, "ताई, तुमच्यापरास ते तिकिटाचं मशीन बरं. त्याला निदान आवाज तरी हाय."

हसले नाही मी. तोही मग हसला नाही.

६ एप्रिल, रविवार

माझी नणंद दीपमाला स्थळ घेऊन आली. वडवणीचं. मुलगा सुरज, शाळेत क्लार्क, पर्मनंट. आई न् तो, दोघंच. घर बांधलेलं. हे म्हणाले, "तू एकदा नजर टाक म्हणजे झालं." मी एकदम ओरडलेच, "माझ्या नजरेचं नाव काढू नका!" दीपमाला बघतच राहिली. हे कधी उलट बोलत नाहीत, त्याचाच कधीकधी राग येतो मला.

मग वही काढली आणि चौकशीची यादी केली. नोकरीची ऑर्डर. शेजारी. मित्र कोण. दवाखान्याची कागदं. पान, तंबाखू, दारू. यावेळी सगळं विचारून, तपासून. हाताला लागेल तेच खरं.

२० एप्रिल, रविवार

पाहायला आले होते. सुरज दिसायला चांगला. वाकून पाया पडला, चपला ओळीत लावल्या, ह्यांना काका काका करत होता. स्वप्नालीला तिच्या कामाचं विचारलं. सगळ्यांना आवडला.

त्याच्या आईच्या, गीताबाईच्या, हातून पोह्याचा चमचा खाली पडला. एवढंच. चमचा पडला तर माणूस चमच्याकडं बघतं. ही बाई पोराकडं बघत होती! तो हसला, "राहू दे मम्मी" म्हणाला, किती हळू म्हणाला. आणि तिनं पुढं पोह्याला हातच लावला नाही. प्लेट मांडीवर तशीच.

न्हाई! न्हाई द्यायची ह्या घरात! तोंडापर्यंत आलं होतं. सगळे माझ्याकडंच बघत होते. दीपमाला म्हणाली, "काय वैनी, बोला की." स्वप्नाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तीही बघत होती.

आणि मला पूल दिसला. पांढरा सदरा दिसला. एका चमच्यावरून एका पोराला नाही म्हणायचं? म्हातारी बाई, परकं घर, भिऊन गेली असेल. माणसाला काय काय असतं!

"चौकशी करून कळवतो," म्हटलं मी.

१ मे

यादी पुरी झाली. नोकरी खरी. व्यसन नाही. शेजारी म्हणतात, आवाजसुद्धा येत नाही हो त्यांच्या घरातून. हेडमास्तर म्हणाले, पोरगं हिरा आहे. ह्यांनी तीनदा जाऊन येऊन सगळं बघितलं. एक बारीकशी खोट निघाली नाही. मला तर वाटत होतं, निघावं काहीतरी! एखादी विडी तरी ओढत असावा!

स्वप्नाली भाजी निवडत बसली होती. मान खाली घालूनच म्हणाली, "आई, तुला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला काय विचारतेस? सगळं चांगलं निघालंय."

"तसं नाही. तुला आतून काय वाटतं?"

मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, आतून वाटून एक माणूस मारलाय मी, अजून काय पाहिजे?

"बरं," म्हणाली ती. आणि मेथीची जुडी संपेपर्यंत निवडत राहिली.

२३ मे

काल लग्न झालं. घर रिकामं. हे सकाळी स्वप्नालीच्या नावानं हाक मारून बसले, चहा टाक म्हणून. मग स्वतःच उठले.

२९ जुलै, मंगळवार

पंचमी. गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी आल्या, झोके काय, गाणी काय. आमची आली नाही. जावईबापू फोनवर गोड बोलले, "मम्मी, शाळेची कामं लई निघालीत, पुढच्या वेळी नक्की." त्यानं तिला लॅबचं कामही सोडायला लावलं. "येण्याजाण्याची दगदग नको तिला." काळजीनंच म्हणतोय की! मी स्वतःला सांगितलं — काळजीनंच म्हणतोय.

७ सप्टेंबर

स्वप्नालीचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. मला कळतं, आवाज घुमतो. आणि ती रोज तेच बोलते. मी बरी हाय, जेवले, तुम्ही जेवला का. आधी ही पोरगी फोनवर मला वेड लावायची — कुणाची नस सापडली नाही, कुणी सुई बघून चक्कर येऊन पडलं, सगळं साग्रसंगीत!

ह्यांना म्हटलं, काहीतरी बिनसलंय. हे म्हणाले, "कशावरून?"

माझाच शब्द. मीच शिकवलाय ह्यांना. काय सांगणार — आवाज घुमतो म्हणून? दीपमालेला विचारलं. ती परवाच जाऊन आली, म्हणाली, "मजेत हाय की. जराशी उतरलीय, पण नव्या नवरीचं तसंच असतं." म्हणजे माझंच डोकं खराब झालंय.

चार रात्री डोळ्याला डोळा नाही. जावं का? कशावरून जावं?

१२ ऑक्टोबर, रविवार

आज कुणालाही विचारलं नाही. ह्यांनाही नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं वडवणीला गेले. प्रवासी म्हणून बसले तर इतकं अवघडल्यासारखं झालं.

दार गीताबाईनं उघडलं. मला बघून आत बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं, आणि हळूच म्हणाली, "तो शाळेच्या कार्यक्रमाला गेलाय. दोनला येईल. घेऊन जा तिला." एवढंच! सासू म्हणाली मला हे!

स्वप्नाली आतल्या खोलीत होती. उजवं मनगट सुजून वाकडं झालेलं, वर नुसती ओढणी गुंडाळलेली. बाथरूममध्ये घसरले म्हणाली. कधी? तीन आठवडे झाले. दवाखान्यात? "ते म्हणाले, होईल बरं." आणि माझ्या गळ्यात पडून असा आवाज काढला तिनं की मला ऐकवेना. लहानपणीसुद्धा कधी अशी रडली नव्हती.

नेसत्या कपड्यांवर आणली. गाडीत ती खिडकीशी, मी तिच्या आडोशाला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मम्मी, गैरसमज झालाय." तितकाच हळू, तितकाच गोड. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला आईवरून शिवी दिली. मग तिथंच खाली बसून रडले.

१३ ऑक्टोबर

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड चुकीचं जुळलंय. पुन्हा मोडून बसवावं लागेल. सुई धरता येईल का, म्हणून स्वप्नालीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू.

पोलिसात तक्रार दिली. तिथल्या बाईंनी विचारलं, लग्नाआधी चौकशी केली नव्हती का? हे म्हणाले, केली होती. वही दाखवतो म्हणाले. मी ह्यांचा हात धरून बाहेर आणलं.

१५ ऑक्टोबर

स्वप्नाली आज आपणहून बोलली. डाव्या हातानं भात कालवत होती. म्हणाली, "आई, मला तो पहिल्याच दिवशी नको वाटला होता. कावून ते सांगता येत नव्हतं. म्हणून तुझ्या तोंडाकडं बघत उभी होते. तू काहीच बोलली नाहीस, तेव्हा म्हटलं, माझंच चुकत असेल."

मलाही तसंच वाटलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.