मनिरामचा डावा हात

अर्जुनी, जानेवारी १९५४

मनिराम,

पेपरात तुझा फोटो पाहिला. खाली छापलं आहे का, हा खेळाडू उजव्या हातानं बॅटिंग करते आन् डाव्या हातानं विकेटा घेते. सारं गाव खूश होऊन राहिलं. मी मात्र फोटोतला तुझा डावा हातच पाहत राहिली.

तुले डाव्या हातानं साधा गोटा फेकता येत नव्हता. डावखोरा होता तुझा जुळा भाऊ, दुधराम. धान कापलेल्या बांधीत बॅट तुझ्या हाती राहे आन् चेंडू त्याच्या. तो तलावात बुडाला, त्याच साली तुझा डावा हात चालू झाला. फोटोत जीभ दातात धरली आहे, ते बी त्याचंच.

हे पत्र मी टाकत नाही. तू वाचल्याचं भेव नाही. पण तुझ्यासंग तो बी वाचेल, आन् आपण तलावात बुडून मेलो हे त्याले समजेल.

तुमा दोघायची बहीण,
रुख्मा