अण्णांना आलेलं बाळसं

अण्णा, आज तुमच्या या लेकीलाही तीच गोळी लिहून दिली. तुमचीच, स्टिरॉइडची. मोठ्या आतड्याला सूज आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई, तुमच्यासारखीच. तुम्ही जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण पाकीट हातात घेतलं आणि तुमचा तो गोल गरगरीत चेहराच समोर आला.

ती गोळी सुरू होण्याआधी कबनूरला यंत्रमागावर उभं राहणं तुम्हाला जमत नव्हतं. चालता माग सोडून सारखे परसाकडं धावायचात, रक्त पडायचं, आणि वर शेठची बोलणी. घरात सगळे त्याला आव म्हणायचे. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली आणि महिन्याभरात तुम्ही माणसात आलात. भूक तर अशी, की आई भाकरी थापतेय आणि तुम्ही चुलीपाशीच बसून खर्ड्याबरोबर गरम गरम खाताय. गाल वर आलेत. गल्लीतनं कुणीतरी ओरडतंय, "काय गा पैलवान, तालीम धरलीस व्हय?" आणि तुम्ही लाजून हसताय. आई दर शनिवारी मीठ-मोहऱ्या ओवाळते, "नजर लागाय नगं कुणाची," म्हणते. औषधानं आलेल्या सुजेची दृष्ट काढत होतो हो आपण! पण आपल्या भागात भरल्या अंगाला आजार कोण म्हणणार?

हळूहळू कमी करत बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुम्ही एकदा अर्ध्यावर आणलीत, गाल उतरायला लागले, तशी पुन्हा पूर्ण सुरू. "बरं चाललंय की. कशाला नसती उठाठेव?" जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातनं गोळ्या येत राहिल्या, दवाखान्यात जाणं सुटलं. मग एक दिवस मोरीपाशी पाय घसरला. एवढंसं पडणं, आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडं पार ठिसूळ झाली होती. गोळी किती वर्षं चालली ते ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या अंथरुणातनं तुम्ही उठलाच नाहीत. मला तुमचा राग येतो अण्णा, अजून येतो.

माझ्या डॉक्टरीणबाई फटकळ आहेत. "ही थोडेच दिवस. मग दुसरी सुरू करू, तिच्यासाठी रक्त तपासायला यायचंच. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. ताप आला तर लगेच कळवायचं. आणि आपल्या मनानं काही वाढवायचं नाही, एकदम बंदही करायचं नाही." मी विचारलं, "पण धोका न्हाय न्हवं?" "आहे. म्हणून तर या म्हणते," त्या म्हणाल्या. गोड बोलल्या असत्या तर मी जास्त घाबरले असते.

मी जाईन. पोरं लहान आहेत, मला पडून राहणं परवडायचं नाही. पण हा कागद कुठं धाडायचा नाहीच, म्हणून लिहिते. तुमचं कुठलं वर्ष परत हवं, असं कुणी विचारलं तर मी तेच मागेन, सुजलेल्या चेहऱ्याचं. तेव्हा तुम्ही आमच्यासंगं जेवत होता. आणि एवढं सगळं कळूनसुद्धा, गोळी कमी करा म्हणायला तेव्हा माझी जीभ रेटेल का, ते मला सांगता येत नाही.