अर्जातला मोर

रविवार, संध्याकाळ. संभाजीनगरची खोली.

पैठणहून आले, पण डोक्यातून तो मोर जात नाही.

कॉलेजच्या अर्जात कोणता विषय घेणार ते विचारलं होतं. मला कॉम्प्युटरच पाहिजे. क्लासचे सर म्हणाले, त्याला लई गर्दी आहे, तू विणकराची मुलगी, वस्त्रांचा इतिहास लिही, लगेच उठून दिसशील. लिहिला. वर निबंधात ठोकून दिलं की लहानपणापासून अप्पांसोबत मागावर बसते, धोटा फेकून पैठणीच्या पदरावर मोर विणते. मागाला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही.

आज अप्पा म्हणाले, "काय लिहिलंस, सांग की." मोराचं वाक्य गाळता आलं असतं. का नाही गाळलं? त्यांना बरं वाटेल म्हणून?

अप्पांनी हातातलं काम थांबवून सगळं ऐकलं. मग एवढंच म्हणाले, "मोर धोट्यानं नाय व्हत, बाळा. तिल्ल्यांनी व्हतो, रंगारंगाच्या."

तिल्ल्या! दोऱ्याची ती बोटाएवढी रिळं मी घर झाडताना रोज कोपऱ्यात सारायचे.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते मागापुढच्या फळीवर सरकले, शेजारी जागा केली. "ये, शिकून घे. म्हंजे तू लिहिलेलं खोटं नाय ठरायचं."

मी गाडी चुकेल म्हणाले आणि निघाले.

पैठणहून इकडं अर्ध्या अर्ध्या तासाला गाडी असते. अप्पांना ते माहीत आहे.