एक्केचाळीस माहेरवाशिणी

३ मार्च

पोचलो एकदाच्या! सामान उतरवताना धाकटीने आपल्या शिवणयंत्राला कुणालाही हात लावू दिला नाही. माझी पुस्तकांची पेटी दोनदा आपटली, तेव्हा मात्र बाईसाहेब आकाशाकडे बघत होत्या. क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि ओट्यासमोरच्या खिडकीतून अख्खा बंधारा दिसतो. नळाला पाणी आहे, दाराला कडी आहे आणि डोकवायला शेजारी नाहीत. बावन्नाव्या वर्षी माणसाला आणखी काय लागतं?

आवारात आम्ही तिघंच. आम्ही दोघी बहिणी आणि बंधाऱ्याचे दरवाजे चाक फिरवून उघडणारे म्हातारे गृहस्थ. सगळे त्यांना चाकवाले काका म्हणतात. डाव्या डोळ्यात फूल पडलंय, तो पार पांढरा. पण आमच्या बॅगा त्यांनीच वर आणल्या आणि चहाही त्यांनीच पाजला.

माझ्या आधी इथे मासे मोजणाऱ्या मोजणीदारांच्या काही वस्तू खोलीत राहिल्यात. चष्म्याचं घर, लोकरी टोपी, आणि दाराशी सरळ जोडून ठेवलेल्या चपला. ते कुठे बदलून गेले असं विचारलं, तर काका म्हणाले की बदली वगैरे नाही, गेल्या वर्षी एका सकाळी ते दिसेनासेच झाले. धाकटीचं मत असं की बिचारा कंटाळून पळाला असेल, आता ताईला कंटाळून मासे पळतील. हसून हसून पुरेवाट झाली. तिचे यजमान गेल्यापासून चार वर्षं ती एकटी घरात बसून होती. मीच हट्टाने तिला इथे आणलं, आणि बरं केलं.

४ मार्च

काम समजून घेतलं. बंधाऱ्याच्या कडेला माशांसाठी पाण्याचा जिना आहे. एकावर एक चौतीस हौद, त्यांतून उड्या मारत मासा वरच्या नदीत चढतो. जिन्याच्या मधल्या वळणावर, जमिनीखाली माझी खोली. तिच्या एका भिंतीला जाड काच आणि काचेपलीकडे हिरवं पाणी. चढणारा प्रत्येक मासा या काचेसमोरूनच जातो. तो गेला की मी हातातलं मोजयंत्र दाबायचं आणि वहीत वेळ, लांबी, खुणा लिहायच्या.

मोजायची जात एकच. समुद्रातून अंडी घालायला जन्मनदीत परत येते, म्हणून इथे तिला माहेरवाशीण म्हणतात. एके काळी हजारांनी यायच्या म्हणे. आता कार्यालयाचा नियम असा की ३१ मार्चच्या संध्याकाळी पाचपर्यंत एक्केचाळीसपेक्षा कमी मोजल्या गेल्या, तर या नदीतून ही जात संपल्यात जमा. मग जिना कायमचा बंद. तोवर वर गेलेल्या असतील, त्यांना खाली परतायलाही दुसरी वाट नाही.

जुन्या वह्या चाळल्या. गेली नऊ वर्षं दर हंगामाचा आकडा एक्केचाळीस. ना चाळीस, ना बेचाळीस. जिवंत प्राणी असा ठरवल्यासारखा येत नसतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

दुपारी वरच्या लोखंडी दारावर टकटक झाली. दोन जवळजवळ, मग जरा थांबून तिसरी. लहानपणी मी न्हाणीघरात वेळ लावला की धाकटी अशीच वाजवायची. जेवायला बोलवत होती. खाली मात्र ती उतरणार नाही. पायऱ्या ओल्या असतात आणि तिला पाण्याची भीती, अगदी बादलीतल्यासुद्धा.

९ मार्च

आज पहिली आली. सकाळी दहा वाजून बारा मिनिटं, लांबी हाताएवढी. कल्ल्यामागे काळ्या ठिपक्यांची ओळ होती. काचेसमोर क्षणभर थांबली, शेपटीचा एक फटका दिला आणि गेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तीस वर्षं निरनिराळे प्राणी मोजतेय, तरी असं होतं.

ठिपके प्रत्येकीचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. मी प्रत्येकीचं चित्र काढायचं ठरवलंय. माझ्या हंगामात कुणाची लबाडी चालायची नाही.

१८ मार्च

आजवर सव्वीस. काका रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून आकडा विचारतात. सांगितला की बोटांवर काहीतरी पुटपुटतात. जिना बंद झाला तर त्यांचं कामही जाईल. तेव्हा आकडा कोण फुगवत असेल, हे कळायला फार डोकं चालवावं लागत नाही.

गेल्या वर्षीची वही पुन्हा नीट वाचली. आधीच्या मोजणीदारांचं अक्षर सुबक आहे. त्यांच्याही एक्केचाळीस झाल्या होत्या. मग त्यांनी सतरावी नोंद ‘दुबार’ असा शेरा मारून खोडली. उरल्या चाळीस. त्यानंतर २८ मार्चला आणखी एक नोंद आहे, जाड्याभरड्या, थरथरत्या अक्षरात.

काकांना वही दाखवली. वाटलं होतं गडबडतील. पण त्यांनी सरळ कबूल केलं की अक्षर त्यांचंच आहे. साहेब त्या सकाळपासून सापडत नव्हते, कुणीतरी काचेपाशी बसायला हवं, म्हणून ते बसले. आणि मग ती आली. साहेबांच्या हनुवटीखाली टाके घातल्याची वाकडी खूण होती, तिच्या जबड्याखाली तशीच होती, असं म्हणाले. मी म्हटलं, या गोष्टी दुसऱ्या कुणाला ऐकवा. त्यावर ते चिडलेही नाहीत. एवढंच म्हणाले की बाई, मोजायच्या तेवढ्या मोजा, पण लिहिलेली खोडू नका.

रात्री धाकटीला हे सांगितलं तर ती म्हणाली की म्हाताऱ्याचा एक डोळा गेलाय, पण गोष्ट काय रंगवतो! मग उगाच दाराची कडी दोनदा बघून आली.

२६ मार्च

काल संध्याकाळी एक्केचाळीस पुऱ्या झाल्या. नेमक्या एक्केचाळीस. मला झोप लागेना. या वेळी मोजणारी मी होते, काका जवळपासही नव्हते. मग हा आकडा आला कसा?

सकाळी सगळी चित्रं जमिनीवर मांडली आणि उत्तर सापडलं. नववी आणि तिसावी एकच. चौदावी आणि तेहतिसावी एकच. विसावी आणि एकोणचाळिसावीसुद्धा. काचेपुढून गेलेली माहेरवाशीण कधीकधी वरच्या हौदातून लोंढ्याबरोबर जिन्यातच खाली ढकलली जाते आणि पुन्हा चढते. तिला दोनदा मोजलं जातं. नियम स्पष्ट आहे, दुबार नोंद खोडायची. मी तीन खोडल्या. उरल्या अडतीस. चित्रांचे फोटो काढून दुपारीच कार्यालयाला पाठवले.

धाकटी म्हणाली की ताई, लहानपणापासून तुझं हे असंच. बाबांनी चोरून ओढलेल्या सिगारेटींचा आकडासुद्धा तू आईला बरोबर सांगायचीस. तीन मासे जास्त लिहिले तर कुणाचं काय जातंय? उलट जिना तरी उघडा राहील. मी म्हटलं, न पाहिलेला मासा मी तीस वर्षांत कधी लिहिलेला नाही आणि पाहिलेला दोनदा लिहिणार नाही.

काकांना आकडा सांगितला तेव्हा ते फाटकापाशी बोटांवर पुन्हा पुन्हा मोजू लागले. गेल्या वर्षी साहेबांनी एक खोडली होती, तुम्ही तीन खोडल्यात, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. हात जोडून म्हणाले, आत्ताच्या आत्ता परत लिहा. मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर म्हाताऱ्याची डाळ शिजली नाही म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

२८ मार्च

सकाळी बंधाऱ्याचे दरवाजे उघडलेच नाहीत. काकांच्या खोलीत गेले. अंथरूण घडी केलेलं, टेबलावर अर्धा कप चहा, अजून कोमट. जिन्याच्या कठड्याशी त्यांच्या चपला. सरळ, जोडून ठेवलेल्या.

अकराच्या सुमारास काचेसमोर एक माहेरवाशीण आली. ठिपके नवे, आधी कधी न पाहिलेले. पुढे जाईना. मग वळली आणि डावी बाजू काचेला लावून थांबली.

डावा डोळा पांढरा होता.

मी मोजयंत्र दाबलं. ते दाबल्यावरच ती गेली. एकोणचाळीस.

माशांनाही डोळ्यांचे आजार होतात. होतातच.

२९ मार्च

नाववाल्यांनी दिवसभर गळ टाकले. काही सापडलं नाही. फौजदारांनी विचारलं की म्हाताऱ्याशी भांडण झालं होतं का. मी हो म्हटलं. खोटं कसं बोलू?

दुपारी गेल्या नऊ वर्षांच्या वह्या पुन्हा काढल्या. आता खोडलेल्या नोंदीच तेवढ्या पाहिल्या. चार वर्षांपूर्वी दोन खोडल्या होत्या, आणि त्याच वर्षी मोजणीदार आणि त्यांची बायको ‘न कळवता निघून गेले’, असा शेरा आहे. ज्या वर्षी काही खोडलं नाही, त्या वर्षी कुणीही गेलं नाही.

खोडल्या मी तीन. आवारात आम्ही होतो तिघं.

कार्यालयातल्या बाईंना फोन लावला. म्हटलं, माझी चूक झाली, त्या तिन्ही परत धरा. त्या समजुतीने बोलल्या. तुमची चित्रंच सांगतायत की त्या दुबार आहेत, आता कशा धरायच्या? इतकं चोख काम आजवर कुणी केलं नव्हतं म्हणे. माझाच पुरावा माझ्या गळ्यात. वहीत परत लिहून पाहिल्या तरी आकडा काही बदलत नाही, कारण त्या तीन नव्हत्याच. ते मला माहीत आहे. नदीलाही माहीत असणार.

मी घाबरले आहे. स्वतःसाठी नाही. उद्याच्या पहिल्या बसने धाकटीला पाठवते.

३० मार्च

सकाळी

गेली. खूप रागावली. सोबत हवी म्हणून आणलंस आणि आता हाकलतेस, असं म्हणाली. शिवणयंत्र न्यायलाही वेळ दिला नाही. मी स्वतः तिला बसमध्ये बसवलं, खिडकी बंद केली. बस बंधाऱ्यावर चढताना ओट्यासमोरच्या खिडकीतून दिसली. सुटले. ती सुटली.

दुपारी

परतीच्या बसचा कंडक्टर आला. म्हणाला की बंधाऱ्याच्या मध्यावर तुमच्या बहिणीने गुदमरतंय म्हणून बस थांबवायला लावली. मोकळ्या हवेत जरा उभी राहते म्हणाली. त्याने तिकिटांची पिशवी खाली ठेवून वर पाहिलं, तेवढाच वेळ. कठड्याशी चपला होत्या. त्या पिशवीत घालून तो घेऊन आलाय —

ती बादलीलासुद्धा घाबरायची.

नाववाले पुन्हा शोधतायत. शोधू देत. मी खाली जात नाही. काचेकडे जाणार नाही. पाहिलं नाही तर मोजावं लागणार नाही.

चार वाजता

खालून आवाज येतोय. काचेवर.

दोन जवळजवळ. मग थांबून तिसरी.

३१ मार्च

रात्रभर वाजवत होती. पहाटे गेले खाली. काचेला नाक लावून होती. ठिपके — ते नाही काढले. काढवेना. काचेवर हात ठेवला तर तीही तिथेच आली.

यंत्र दाबेपर्यंत वर जायची नाही. मला वाटलं, न दाबता इथेच बसून राहू, दोघी. पण दमली होती. प्रवाहात एका जागी थांबणं किती अवघड, मी कितीदा लिहिलंय. मग कूस वळवली. पोट वर येऊ लागलं —

दाबलं.

चाळीस.

गेली वर.

बारा वाजले

कार्यालयाची गाडी आली आहे. मला न्यायला, आणि जिना बंद करायला दोन माणसं. ते फाटकापाशी डबे खातायत. पाचला पोलादी झडपा पाडणार. माझं सामान भरलं का विचारत होते. गाडीत बसले तर मी सुटेन. आकडा चाळीसच राहील. नियमात बसणारा, चोख.

आणि ती वरच राहील. कायमची. पाण्यात, अंधारात. मी आणलं होतं तिला. हट्टाने.

साडेतीन

काचेपाशी बसले आहे. पाणी स्वच्छ. कुणी येत नाही. येणार नाही. यायला उरलंय कोण —

शिवणयंत्रावर कापड घातलं. धूळ बसायला नको.

गाडीतल्या माणसाला सांगून ठेवलंय, पाचला झडपा पाडायच्या आधी ही वही बघा. शेवटचं पान.

साडेचार

जिन्याच्या कठड्याशी चपला काढल्या. सरळ ठेवल्या. हात आपोआपच ठेवतात.

पाणी गार नाही. इथवर ऐकू येतंय, वरच्या हौदातून, दोन जवळजवळ — आले गं, आले, जरा दम धर —

तीस वर्षांत पहिल्यांदाच. न पाहिलेली नोंद. वेळ चार वाजून चाळीस मिनिटं. लांबी माहीत नाही. खुणा: उजव्या हाताच्या बोटांना शाई. एकूण एक्केचा