ओवाळलेली गाडी

शिरगाव,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. केदार यास ताईचे आशीर्वाद आणि सोबत एक चापट.

चापट कशाला ते तुला कळलंच असेल. फोन वाजतो, तू उचलत नाहीस. मेसेज वाचलास हे दिसतं, उत्तर काही येत नाही. शेवटी म्हटलं कागदच पाठवावा. आमच्या शेजारचा विनोद रोज तुझ्याच कंपनीत येतो, त्याच्या हाती दिला की तुझ्या हातात पडणारच. आता हेही वाचलं नाही म्हणालास तर वाणगावला येऊन कान पिळीन, आईसमोर. आईचे गुडघे कसे आहेत? चिकू उतरवायला माणसं मिळाली का?

आता खरी गोष्ट. रविवारी आम्ही मनोरला निघालो होतो, शैलेशच्या मावसबहिणीच्या, दिशाच्या साखरपुड्याला. दसऱ्याला घेतलेली ती जुनी लाल टर्बो गाडी पहिल्यांदाच घाटाच्या बाजूला निघाली. पुढे शैलेश आणि सासूबाई, मागे मी, दिशाची आई पुष्पलतामावशी आणि माझे मोठे दीर प्रफुल्लभाऊजी. पालघरपर्यंत काय ऐट विचारू नकोस! वाघोबाच्या खिंडीत चढावर पुढचा ट्रक अडला म्हणून थांबलो. ट्रक सुटला, आमची गाडी मात्र हलेना. इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागची पुढे जात नाही, उलट मागे सरकते. जळका वास सुटला, धूर आला. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. शेवटी आम्ही जरीच्या साड्या सावरत खाली उतरलो आणि गाडी ढकलत कडेला लावली. मावशीच्या चपलेचा अंगठा तुटला तो वेगळाच.

प्रफुल्लभाऊजींनी तिथेच सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, की हा क्लचवर पाय ठेवून झोपा काढतो, एवढी जोरदार गाडी याच्या हातात द्यायलाच नको होती. मनोरला पोचेपर्यंत ही बातमी आमच्या आधी पोचली होती. तेव्हापासून घरात शैलेशचं नाव अर्धा क्लच. सासूबाईसुद्धा हसल्या रे!  पालघरहून गाडी दुरुस्त होऊन आली, याने चावी खिळ्याला लावली आणि आता कामाला रिक्षाने जातो.

त्याहून वाईट पुढे आहे. दिशाला सख्खा भाऊ नाही. तिला सासरी पोचवायची गाडी शैलेशच चालवणार हे ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ठरलेलं. आता मावशी म्हणतात, नको बाई, नवरी घेऊन खिंडीत अडकलो तर? भाड्याचा ड्रायव्हर बघू.

तू घरातला गाड्यांचा पंडित. गाडी चालवून बघितलीस तूच, पास केलीस तूच. तेव्हा भाऊबीजेला ये आणि त्याच्या शेजारी बसून पाय कुठे चुकतो ते नीट समजावून सांग. तुझं तो ऐकतो.

आईला नमस्कार सांग आणि माझ्यावरची माया फोनसारखी बंद ठेवू नकोस.

तुझी,
हेमांगीताई

वाणगाव,
१५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चापटही मिळाली. कंपनीत शटडाऊनचं काम चालू आहे, फोन लॉकरमध्ये राहतो, म्हणून उचलता आला नाही. आई बरी आहे. चिकूला माणसं मिळाली, यंदा फळ लहान आहे पण गोडी चांगली आहे. विनोदकडे पिशवी देतो.

खिंडीतलं वाचून वाईट वाटलं. क्लच ही झिजणारीच वस्तू असते. त्यात कुणाचा दोष असतो असं नाही. शैलेशभाऊजींना म्हणावं मनाला लावून घेऊ नका. लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात.

भाऊबीजेला बहुतेक माझी ड्युटी आहे. येणं जमेल असं दिसत नाही. रागावू नकोस. तुझ्या सासूबाईंना, रत्नामावशींना, माझा नमस्कार सांग.

कामाच्या गडबडीतही तुझी आठवण काढणारा,
केदार

शिरगाव,
१६ ऑक्टोबर

चि. केदार यास आशीर्वाद, यावेळी कोरडेच.

चिकू गोड होते. पत्र अगदी सपक होतं. कुणाचा दोष नसतो म्हणजे काय? गाड्यांवर तासभर बोलल्याशिवाय पाणी न पिणारा तू, आणि चार ओळीत आटोपतोस? विनोदला मी विचारलं, शटडाऊन मागच्याच आठवड्यात संपलं म्हणाला. आणि भाऊबीज तू आजवर कधी चुकवलेली नाहीस. टायफॉईड झाला होता तेव्हासुद्धा कानाला मफलर गुंडाळून आला होतास.

ड्रायव्हर ठरला. झुंबर नावाचा आहे कुणीतरी, मनोरचाच. त्याला फोन कुणी केला माहीत आहे? शैलेशने. स्वतःच नंबर शोधला, खिंड सांभाळून चढव म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून अंगणात गेला.

थोड्या वेळाने मी कपडे काढायला गेले तर हा त्या बंद गाडीत बसलेला. स्टिअरिंगला दोन्ही हात, मान खाली, आणि पायाने क्लच दाबतोय, सोडतोय, दाबतोय, सोडतोय. आपला पाय कुठे चुकतो ते बघत असणार. मला बघवेना. कपडे तसेच दोरीवर सोडून आत आले.

तुमचं दोघांचं काही भांडण झालंय का? असलं तर मिटव. मी दोघांच्या मध्ये उभी आहे हे लक्षात असू दे.

तुझी,
ताई

वाणगाव,
१७ ऑक्टोबर

ती. शैलेशभाऊजींस सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाच आहे. ताईचं पत्र काल वाचलं आणि डबा न खाता परत आणला. तुम्ही बंद गाडीत बसून पाय तपासता, आणि मी इथे चिकूच्या पिशव्या भरून पाठवतो. लाज वाटते मला. तुमचा पाय चुकत नाही. गाडीचा क्लच दसऱ्याच्या सकाळीच गेलेला होता आणि मला ते कळलं होतं.

तो विरारचा माणूस गाडी दाखवायला घेऊन आला तेव्हा रत्नामावशी अंगणात स्कूटर, टेम्पो, कोयते, कुदळी सगळ्यांना झेंडू घालून ओवाळत होत्या. गाडी फाटकातून आत आली तशी त्यांना वाटलं घेतलीच. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, सगळं झालं. त्या माणसालाही टिळा लावला. तो हसत उभा राहिला. आणि मग मी चालवून बघायला निघालो, म्हणजे आधी वरात आणि मग मुलगी बघायची, तशातला प्रकार.

सातपाटीच्या रस्त्यावर मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघितला. इंजिनाचा काटा धावत वर गेला आणि गाडीचा वेग होता तिथेच. क्लच घसरत होता. पेडल अगदी वर आल्यावर पकडत होतं. दुसऱ्या गिअरला खरखर होती. जुनी जोरदार गाडी घेताना हेच आधी बघा, आधीचा मालक शर्यती लावत असला तर क्लच आणि गिअरबॉक्सच पहिले जातात, असं मीच गावभर सांगत फिरतो. सगळं कळलं. सपाट रस्ता होता म्हणून निभावली एवढंच.

परत आलो तर मावशी पेढा घेऊन दारात. कशी आहे आमची लक्ष्मी, म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघालं, एक नंबर. ओवाळलेल्या गाडीला, सणाच्या दिवशी, ताईच्या सासरच्या अंगणात नाव कसं ठेवू, असं वाटलं. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मला ते आवडत होतं. पेढा खाल्ला मी. दुसराही घेतला.

भाऊबीजेला येतो. अंगणात सगळ्यांसमोर सांगतो. तोवर चार दिवस मला सहन करा.

तुमच्यासमोर मान वर करायची लायकी नसलेला,
केदार

शिरगाव,
१८ ऑक्टोबर

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

अरे, मान वर कर. मला माहीत होतं.

सातपाटीच्या रस्त्यावर मी तुझ्या शेजारीच बसलो होतो ना? कानात बोळे नव्हते घातलेले. दुसऱ्या गिअरची खरखर मीही ऐकली. मग मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो, की आता हा बोलेल. तू बोलला असतास तर मला आईपुढे बोलावं लागलं नसतं. तू नाही बोललास, मीही नाही. तेव्हा आपल्या दोघांची बाजू सारखीच आहे असं समज.

पालघरच्या गॅरेजवाल्याने क्लच उघडून दाखवला. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली. आधीच्या मालकाने इंजिनाचा जोर वाढवून घेतला होता आणि क्लच जुनाच ठेवला होता. दहा दिवसांत कुणाच्या पायाने एवढं होत नाही, असं तो म्हणाला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगायचं नाहीस.

कारण साधं आहे. मी सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, मग पास कुणी केली? आई मनाने वाईट नाही, पण तिचं बोलणं तुला माहीत आहे. दर दसऱ्याला, दर दिवाळीला हेमांगीला ऐकावं लागेल, तुझ्या भावाने आमच्या गळ्यात गाडी मारली. मला अर्धा क्लच म्हणतात ते मी सोसतो. तिला माहेरावरून बोललेलं मला सोसवत नाही.

मला गाडीत बसलेलं तिने बघितलं हे माहीत नव्हतं. खरं सांगू? प्लेट डोळ्यांनी बघूनसुद्धा, इतक्या जणांनी इतक्यांदा म्हटलं की मलाच शंका यायला लागली. म्हणून बसलो होतो.

दिशाला मी समजावलंय. तिचा ड्रायव्हर बरा माणूस वाटतो. तू भाऊबीजेला ये, जेव, ओवाळून घे आणि गप्प बस. एवढं माझं ऐक.

तुझाच,
शैलेश

वाणगाव,
२० ऑक्टोबर

ती. रत्नामावशींस केदारचा सा. न. वि. वि.

दिवाळीचा नमस्कार. तुमचा चष्मा अजून झाला नाही असं ताई म्हणाली होती, म्हणजे हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवत असणार. घरातले सगळे फराळाला जमलेले असतील. प्रफुल्लभाऊजी असतील तर फारच चांगलं. सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच लिहितो आहे.

मावशी, दसऱ्याला तुम्ही ओवाळलेल्या गाडीचा क्लच त्याच सकाळी संपलेला होता. मी चालवली तेव्हा मला ते कळलं. तरी तुम्ही विचारल्यावर मी एक नंबर म्हणालो. ताई, थांबू नकोस. पुढे वाच.

खिंडीत गाडी अडली ती माझ्या खोटेपणाने. शैलेशभाऊजींच्या पायाने नाही. गॅरेजमध्ये त्यांना सगळं समजलं होतं आणि तरी ते तुम्हा सगळ्यांचं हसणं ऐकून घेत राहिले. ताईला माझ्यावरून कुणी बोलू नये म्हणून. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं आहे. त्यांचं मी पहिल्यांदाच ऐकत नाही, त्याबद्दल त्यांनी रागवावं.

बोलायचं ते मला बोला, तोंडावर बोला, वर्षभर बोला. ताईने यातलं काहीही केलेलं नाही. आणि पुष्पलतामावशींना माझी हात जोडून विनंती, दिशाला घेऊन जायची चावी शैलेशभाऊजींच्याच हातात द्या. नवा क्लच बसला आहे. पाय तर त्यांचा पहिल्यापासून चांगला होता.

गुरुवारी सकाळी मी येतो. फाटकाबाहेर थांबेन. बोलावलंत तर आत येईन, नाहीतर ताईला तिथूनच नमस्कार करून परत फिरेन. गाडी तुम्ही आधी ओवाळली आणि तिचं खोटं नंतर उघडं पडलं. ताईने तबक हातात घेण्याआधी माझं खोटं सगळ्यांना कळलेलं असावं, म्हणून आजच लिहिलं.

तुमच्या दारात उभं राहू द्याल ही आशा धरणारा,
केदार