स्पीकरवरचा भुसा

॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. १६ मे १९६६

तीर्थरूप बाबांच्या पायांवर हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल, तुम्हां दोघांची खुशाली बायच्या हातून कळत राहावी.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने एक खोका पाठवला आहे. आमच्या रेडिओच्या कारखान्यात काम संपल्यावर बसून मी स्वतः केला. आत दोन स्पीकर आहेत. मोठा खालचे सूर वाजवतो, लहान वरचे. मागे एक फळी ठोकली आहे, तिच्यावर तारेची कॉइल आणि कंडेन्सर. रेडिओतून आलेल्या आवाजाची वाटणी करायची, खालचं मोठ्याकडे आणि वरचं लहानाकडे धाडायचं, एवढंच त्या फळीचं काम. ज्याला जे झेपतं ते त्याच्याकडे.

बाजाच्या पेट्यांचं (हार्मोनियमचं) काम सोडून मी रेडिओकडे वळलो तेव्हा तुम्ही म्हणाला होता, की तारेत कसलो इलो सूर! मी वाद घालत नाही. खोका आपल्या रेडिओला जोडून ऐका आणि कसा आहे ते कळवा. तुमच्या तोंडून 'चलात'च्या, म्हणजे 'चालेल'च्या, पुढे कुणाला काही मिळालेलं नाही, हे ठाऊक आहे. तरी मी 'बरो आसा' ह्या दोन शब्दांची वाट बघत बसणार आहे.

तुमच्या रागालोभाचा हक्कदार,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
धुरीवाडा, मालवण
ता. ९ जून १९६६

चि. हरिश्चंद्र यास थोरल्या बहिणीचे, बायचे, अनेक आशीर्वाद, आणि कान धरून एक प्रश्न. हे एवढं धूड बंदरावरून घरी कोण आणणार, ह्याचा विचार केला होतास का रे? दोन गडी लागले. वर त्यांनी चहा प्यायला आणि खोका रेडिओला जोडल्यावर भजनही ऐकलं.

बाबांनी हातातली कानस खाली ठेवली, डोळे मिटले आणि अख्खं भजन ऐकलं. मग म्हणाले, की खालचो सूर बरो आसा, पण वर काय नाय, टाळ खंय गेले? मला तर टाळ ऐकू येत होते. पण सगळ्या तालुक्याच्या पेट्या ज्या कानाने सुरात आणल्या, त्याच्यापुढे माझा कान तो काय! मी आपली भाता मारणारी. बाबा कानशीने पेटीचे सूर घासून जुळवतात, मी बाजूला बसून भात्याने हवा देते, हेच माझं संगीत.

तुझे भावोजी एडनला आहेत, बोट कधी सुटेल ते कप्तानालाच ठाऊक. तू वेळेवर जेवत जा. खोक्यापायी वाळून गेलास तर तुला कोण मुलगी देणार?

माया आहे तेवढी पुरे, जास्त हवी तर चतुर्थीला ये.
तुझी बाय, सुभद्रा

मुंबई
ता. २० जून १९६६

ती. बायच्या चरणी नमस्कार.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. बाबा म्हणाले वर काही नाही, म्हणजे नसणारच. चूक माझी. घाईत साधा, स्वस्तातला कंडेन्सर लावला. तसले लवकर बिघडतात, त्यात आपली खारी हवा. पार्सलने कागदाचा, तेल भरलेला चांगला कंडेन्सर पाठवतो आहे. कॉइलसाठी जाड तांब्याची तारही आहे. जुनी काढून ही गुंडाळायची, वेढे तेवढेच ठेवायचे. कथलाचा डाग द्यायला बाबांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. कुठे काय जोडायचं त्याला लाल दोरा बांधला आहे.

कारखान्याचे मालक खोका ऐकून वाहवा म्हणाले होते. ती वाहवा मला नको ग. मला बाबांची हवी.

हट्टी भाऊ,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
मालवण
ता. ११ जुलै १९६६

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद.

पार्सल आलं. तुझं कॉइलचं रीळ बघून बाबांनी कपाळाला हात लावला, की ह्या मेस्त्र्याच्या घरचा काम? मग फणसाच्या लाकडाचं नवीन रीळ कातून त्यावर तार अशी गुंडाळली की बघत राहावं. दोन दिवस त्यांना दुसरं काही सुचलं नाही. तुझ्या तारांत ते एवढे रमलेले बघून मला हसू येत होतं.

आणि काय सांगू! टाळ असे खणखणले की चुलीपाशी झोपलेलं मांजर उठून बसलं. बाबा मात्र मान हलवून म्हणाले, की अजून नाय.

कट्टा गावच्या लवूबुवांची पेटी दुसऱ्यांदा परत आली. वरचे सूर एकमेकांशी भांडतात, असं ते म्हणाले. बाबा भडकले, की ज्येका कान नाय त्येणी पेटी वाजवू नये. भाता मारताना मलाही वरचा पंचम खुपला होता. पण त्यांच्या कामात मी कशाला तोंड घालू?

पाऊस मरणाचा आहे. छत्री विसरू नकोस.
बाय

मुंबई
ता. २३ जुलै १९६६

ती. बाय, नमस्कार.

आता एकच उपाय राहिला. लहान स्पीकरच्या वाटेवर मी एक रेझिस्टन्स घातला आहे, बोटाच्या पेराएवढा. वरचा आवाज टोचू नये म्हणून तो थोडा दाबून धरतो. तो काढून तिथे सरळ तार जोडायला बाबांना सांग. तरीही नाहीच म्हणाले तर खोका चुलीत घाल. सागवान आहे, भात चांगला शिजेल.

रागावलेला, पण तुझ्यावर नव्हे,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
मालवण
ता. ८ ऑगस्ट १९६६

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद. हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच.

बाबांनी रेझिस्टन्स काढला, रेडिओ लावला आणि बासरी सुरू झाली. अरे, कानात दाभण घातल्यासारखं झालं! शेजारच्या काशीबाईंनी खिडकी लावून घेतली आणि आतूनच ओरडल्या, की शिरा पडो तुमच्या त्या खोक्यार. बाबा लहान स्पीकरला कान लावून बसले होते. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की हो वाजता मा?

मी म्हटलं, की वाजता. ते उठून ओटीवर जाऊन बसले. जरा वेळाने पोस्टमन आला. त्याने सायकलची घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. बाबा पाठ करून बसले होते, त्यांची मान वळली नाही.

हरी, तुझा खोका चांगलाच आहे, पहिल्या दिवसापासून. बाबांना वरचं ऐकू येत नाही. लवूबुवा खोटं बोलत नव्हते. चतुर्थीसाठी गावोगावच्या पेट्या येऊन भिंतीला लागल्या आहेत. त्या अशाच बेसूर गेल्या तर लोक म्हणतील, भिकाजी मेस्त्री संपलो. त्यांची सगळी इज्जत त्या कानात आहे रे. त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगू? मला रडायला येतं, ते भाता मारण्याच्या आवाजात खपून जातं.

काय करायचं ते लवकर लिही.
बाय

मुंबई
ता. १७ ऑगस्ट १९६६

ती. बाय, नमस्कार.

मीही रडलो. बाबांना खरं काही सांगायचं नाही. खोक्यात दोष आहे, हरिश्चंद्राला काम जमलं नाही, असं माझं पत्र आल्याचं बाबांना सांग. तारेत सूर नसतो, हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं तर ठरू दे. मला हव्या असलेल्या त्या दोन शब्दांचं काय एवढं! पेट्यांचं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही. चतुर्थीला येतो, तोवर लोकांना काहीतरी सांगून थोपवून धर.

तुझा,
हरी

॥ श्री ॥
मालवण
ता. ४ सप्टेंबर १९६६

चि. हरिश्चंद्र यास भिकाजीचा आशीर्वाद. माझा हात रंध्याला सरावलेला, लेखणीला नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

खोक्यात दोष आहे, असं तू लिहिल्याचं बायने सांगितलं. तिला खोटं बोलता येत नाही, आईवर गेली आहे. म्हणून मी खोका आडवा घातला, पुढचं कापड सोडवलं, रेडिओ लावला आणि लहान स्पीकरवर चिमूटभर बारीक भुसा टाकला. भुसा नाचत होता. बायला विचारलं, तर म्हणाली, बासरी चालू आहे. माका कायच आयकाक येय नाय होता.

आमच्या धंद्यात भुसा खोटं सांगत नाही. दोन दिवस मी पेटीला हात लावला नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ते लिहायला कसली लाज?

मग पुन्हा तुझी ती फळी घेऊन बसलो. ज्याला जे झेपतं ते त्याच्याकडे, असं तू लिहिलं होतंस. एका स्पीकरकडून सगळे सूर वाजवून घ्यायचे नाहीत, एवढी अक्कल तू लाकडाच्या खोक्याला दिलीस. मग ती मला का नसावी? लवूबुवांच्या पेटीचं खरज आणि मध्य सप्तक मी घासलं. वरच्या सप्तकाला कानस बायच्या हातात दिली आणि भाता मी मारायला घेतला. तिने कानस परत माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, की गो, इतकी वर्षां बाजूक बसलंस ती काय फुकट? तिने पंचम लावला, मग षड्ज. कुठे थांबायचं ते तिचं तिला कळत होतं. मी नुसता तिच्या तोंडाकडे बघत होतो. बुवांनी पेटी नेली, ती परत आलेली नाही. आता चतुर्थीच्या पेट्या आम्ही दोघं मिळून करतो. लोकांनाही तसंच सांगतो.

तू ये. बायने तुझ्यासाठी काजूगर राखून ठेवले आहेत. येताना बारीक कानस आण, तिच्या हाताला माझी जड पडते.

तुझा रेझिस्टन्स कानशींच्या डब्यात होता. तो आज पुन्हा जागच्या जागी डाग देऊन बसवला, कारण त्याच्यावाचून खोका किंचाळतो, असं बाय म्हणते. वरच्या सुरांत आता तिचा कान तोच माझा कान. आज तिने डोळे मिटून अख्खं भजन ऐकलं आणि म्हणाली, की बाबानू, खोको बरो आसा.

म्हणजे बरो आसा.

भिकाजी